तांबाकाटा

मरोळच्या गावठाणात, क्रुसामागच्या बोळात,
झाड क्रमांक चार हजार सातशे बारा.
मी टेप घेऊन वाकलो घेर मोजायला
तर झाडानंच मला धरलं :
बाहीला, मनगटाला, मग कानाच्या पाळीला.
खोडालासुद्धा काटे, आणि काट्यांना
पुन्हा काटे फुटलेले,
भांडणातून भांडण निघतं तसे.

टॅबमध्ये नावं आधीच भरलेली असतात.
गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, खोटा अशोक.
बोट खाली, खाली सरकत गेलं.
हे नव्हतं.
तळाशी असतं ते होतं : इतर.

‘इतर काय लिवतं रं? तांबट हाय तो.’
रेमेडिया मिस्किटा. गाऊनवर नवऱ्याचा शर्ट,
हातात त्याचेच गोदीतले वेल्डिंगचे मोजे,
कोपरापर्यंत चामडं. तशी ती फांदीत शिरली
आणि जांभळट लाल मूठ घेऊन बाहेर आली.
‘असंच नको खाऊ. तुरट लागंल.
तळव्यावर घोळव आधी.
दाबायचं नाय. घोळवायचं.’

मी घोळवलं. सरकारी वेळेत,
दोन्ही तळव्यांमध्ये एक फळ,
थंडीत हात चोळावेत तसं.
वरच्या फांदीत टुक टुक टुक.
‘तो पण तांबट,’ ती म्हणाली,
‘माज्याआधी येतो, मोजे न घालता.’

स्वयंपाकघरात तिसरा होता, म्हणजे त्याचं काम होतं :
तांब्याचं पसरट पातेलं, तिच्या सासूनं
तांबाकाट्यावरून आणलेलं,
तळाला हातोडीचे ठोके अजून मोजता येतील असे.
त्या तांबटाचं नाव कुणाला माहीत नाही.
पातेल्याला मात्र त्याची टुकटुक पाठ आहे,
रस उकळायला लागला की आतून ऐकू येते.

रात्रभर फडकं टांगलेलं असतं खिडकीच्या गजाला.
थेंब आपल्या मनानं पडतो.
‘पिळलं की गढूळ.
माज्या सुनेला धीर नाय, ती पिळते.
तिची जेली बग, नाल्यासारखी.’
सून आतून म्हणाली, ‘ऐकतेय मी.’
मग साखर, वाटीला वाटी,
मग थंड बशीवर एक थेंब, तो बोटानं ढकलायचा,
सुरकुती पडली की उतरवायचं.

मी उभ्या उभ्या पाव खाल्ला त्या जेलीला लावून.
टॅब विचारत होता :
उपयोग? सावली, शोभा, इमारती लाकूड.
धोकादायक? होय, नाही.
खोडापासून हातभर अंतरावर
रस्त्याच्या मापाची लाल रेघ मारलेली होती, ताजी.
साहेब सकाळी म्हणाले होते,
इतरांची फारशी अडचण नसते.

मी ‘नाही’वर बोट ठेवलं. माझ्या मनगटातून
रक्ताची बारीक रेघ काचेवर उतरली
आणि टॅबला ते बोट ओळखता येईना.
शर्टाला पुसून पुन्हा दाबलं.
शेऱ्याच्या चौकोनात लिहिलं, तांबट.
त्यानं आपल्या आपण केलं, तांबडं.
परत लिहिलं. परत तांबडं.
तिसऱ्यांदा राहू दिलं.

घेर लिहिला अंदाजे.
‘किती भरला?’ तिनं विचारलं.
म्हटलं, टेप फिरतच नाही.
‘नायच फिरत,’ ती म्हणाली,
जणू पोरानं परीक्षेत पहिला नंबर काढलाय,
आणि बाटलीला रबर लावून दिलं
लोणच्याच्या झाकणावर.

ती आता माझ्या खोलीत आहे, चकाल्याला, खिडकीपाशी.
सातच्या सुमाराला ऊन तिच्यातून येतं
आणि भिंतीवर पडतं, तांब्याच्या रंगाचं, थोडा वेळ.
मनगटात एक टोक राहून गेलंय,
काढायला गेलो तर आणखी आत जातं.

झाड क्रमांक चार हजार सातशे तेरा
पर्जन्यवृक्ष होता.
नाव पहिल्याच बोटाला आलं,
टेप सहज फिरली,
कुठंही काही लागलं नाही.